शुक्रवार, पाच ते सहा

गाडीतून उतरले आणि माझा पहिला पाय पडला तो कुणाच्या तरी ओकारीत. सकाळचे आठसुद्धा वाजले नव्हते. शी! हेलसिंकी मला कधीच आवडलं नाही, पण त्याने इतक्या लवकर कारण द्यावं असंही काही नव्हतं.

फलाटावर माझा भाऊ ताइस्तो उभा होता. एका हातात सुटकेस, दुसऱ्या हातात दुकानाची पिवळी प्लास्टिकची पिशवी. मी फलाटाच्या कडेला बूट घासत होते आणि हा हसत होता.

"तेवढी एक जागा सोडली तर बाकी शहर चकचकीत आहे," तो म्हणाला.

"दात काय काढतोस? कागद दे काहीतरी."

त्याने खिशातून रुमाल काढून दिला. तो माझ्या बुटापेक्षा फार स्वच्छ होता असं नाही. तीन वर्षांनी भेटत होतो आम्ही. पण आमच्यात मिठ्या मारायची पद्धत नाही, आणि बुटाला ते लागलेलं असताना तर नाहीच. मी त्याच्या दंडावर एक चापटी मारली, त्याने माझी बॅग घेतली, झाली भेट.

मी त्याला न्यायला आले होते. पार उत्तरेला आमचं केमियार्वी, तिथून तेरा तास बसून आले होते, आणि त्याच संध्याकाळी सात चाळीसच्या गाडीने त्याला घेऊन तेरा तास परत. ताइस्तो चौऱ्याहत्तरचा, मी अडुसष्टची. तो एकावन्न वर्षांपूर्वी घर सोडून इकडे जहाजाच्या कारखान्यात लागला. इथेच लग्न केलं, इथेच बायको गेली, आणि ती गेल्यावर दोन वर्षं त्याने दारूत काढली. मग सोडली. नऊ वर्षं झाली सोडून, असं तो म्हणतो.

मार्चमध्ये मी त्याला फोन केला. म्हटलं, "मागची खोली रिकामी आहे."

तो म्हणाला, "बरं."

बस. एवढंच बोलणं झालं. मी खोलीतला विणायचा माग उचलून गोठ्यात नेऊन ठेवला, भिंतींना फिकट निळा रंग दिला आणि गावभर सांगत सुटले की माझा भाऊ येतोय. त्याने भाड्याचं घर सोडलं, सामान वाटून टाकलं, काल किल्ल्या परत केल्या आणि रात्री शेजाऱ्याकडे झोपला. आता उरली होती ती एक सुटकेस.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नव्हती. फेब्रुवारीत मी लाकडाच्या खोपटामागे बर्फावर घसरून पडले होते. उणे सव्वीस तापमान, आणि उठताच येईना. चाळीस मिनिटं आभाळाकडे बघत पडून होते. पोस्टाची पोरगी पत्र टाकायला आली म्हणून आज हे सांगते आहे. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून लाकडं आणायला जायचं म्हटलं की छातीत धडधड होते. वीस पावलांवर खोपट, आणि मी दारात उभी राहून धीर गोळा करते. मला घरात माणूस हवा होता. भाऊ हवा होता. हे तोंडाने बोलायची आमच्यात रीत नाही, म्हणून मी खोली रिकामी आहे असं म्हटलं.

सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकलं. पिवळी पिशवी मात्र त्याने ठेवली नाही.

"ती कशाला नाचवतोस दिवसभर?"

"असू दे," तो म्हणाला आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. आत काच काचेवर आपटली. मी तो आवाज बरोब्बर ऐकला.

मला वाटलं होतं, दिवसभर स्टेशनात बाकड्यावर बसू, मी विणकाम आणलं होतं. पण ताइस्तोच्या डोक्यात वेगळंच. "एकावन्न वर्षं राहिलो इथे," तो म्हणाला, "कामावरून घर, घरून कामावर. आज पाहुण्यासारखं बघू दे मला. तूही बघ."

"मला काय करायचंय बघून?"

"मग माझ्याकडे बघ."

बंदरावरच्या बाजारात त्याने विचारलं, "कॉफी घेतेस?"

"नको," मी म्हटलं.

तो गेला आणि एकच कप घेऊन आला. माझ्यासमोर बसून प्यायला, फुंकर मारमारून. तेरा तासांच्या प्रवासानंतर कॉफी कुणाला नको असते? पण विचारल्याबरोबर हो म्हणणं हा हावरटपणा, असं आमच्या आईने आम्हा दोघांना शिकवलं. आणि माणसाला देवाने जीभ दिली आहे, तो नको म्हणाला की नको, असं आमच्या बापाने. दोघांचंही आम्ही मनापासून ऐकलं. आमच्याकडे आग्रह हा प्रकारच नाही. मी त्याच्या मिशीला लागलेला फेस बघत बसले आणि माझं डोकं उठलं.

त्या बाजाराबद्दल तर बोलायलाच नको. माझ्या गावचे रेनडिअर माझ्या अंगणात येऊन गवत खातात, त्यांची नावं मला माहीत आहेत. इथे त्यांची कातडी दोरीवर टांगलेली, खाली शिंगाच्या चाव्यांच्या साखळ्या, आणि विकणारा पोरगा कपाळाला निळी पट्टी बांधून उभा. मी कातड्याचा वास घेतला. कुबट, ओल्या कुत्र्यासारखा.

"हे नीट कमावलेलं नाही," मी त्याला सांगितलं. "दोन महिन्यांत केस गळून ढीग होईल घरात."

"आजी, लोक घेतात," पोरगा म्हणाला.

"लोक काय, लोक शेणही घेतील, पट्टी बांधून विकलंस तर."

ताइस्तो मला दंडाला धरून पुढे घेऊन गेला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढे त्याने सॅल्मन माशाचं सूप घेतलं, दोघांसाठी, न विचारता. म्हणजे जेवणाला हा विचारत नाही आणि कॉफीला विचारतो, घ्या! मी छत्तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात सूप रांधलं आहे. त्या वाटीत बटाटा होता, दुधाळ पाणी होतं, आणि माशाची नुसती आठवण होती. माशाचा जो एक तुकडा होता तो मी शेवटी खायचा म्हणून बाजूला ठेवला, तेवढ्यात एक सीगल पक्षी आला आणि माझ्या चमच्यातून तो घेऊन गेला. जाताना त्याचा ओला पंख माझ्या तोंडावर घासून गेला. मी चमचा टाकून दिला. ताइस्तो मात्र वाटी तोंडाला लावून ओढत होता, सुर्रर्र, सुर्रर्र. शेजारच्या टेबलावरच्या बाईने वळून बघितलं.

"जनावरासारखा काय ओढतोस?"

"एकट्याने जेवणाऱ्या माणसाला आवाज कोण सांगणार?" तो म्हणाला.

मीही एकटीच जेवते, पण मी ओढत नाही.

मग मोठं पांढरं चर्च. पायऱ्यांवर सगळं जग बसलेलं, कुणी केळं खातंय, कुणी बूट काढून पाय शेकतंय. देवाच्या दारात! ताइस्तोने एका जोडप्याचा फोटो काढून दिला, मग त्यांच्याकडून आमचा काढून घेतला. त्या फोटोत माझं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं आहे, त्याने मला नंतर पाठवला. मग बोटीने समुद्रातल्या किल्ल्यावर. तिथे गवत कमी आणि रानबदकांची विष्ठा जास्त. हिरवी, बोटाएवढी, जिथे पाऊल टाकावं तिथे. आणि त्यावर चादरी अंथरून शहरातली माणसं ऊन खात पडलेली, पोरं रांगतायत, आया बघून न बघितल्यासारखं करतायत. मला शिसारी आली. एकाच दिवसात माझे बूट दुसऱ्यांदा भरले.

"आवडलं?" ताइस्तोने विचारलं. तो तटबंदीवर उभा राहून पाण्याकडे बघत होता. "ती तिकडे क्रेन दिसते ना? तिच्याखाली मी तीस वर्षं उभा होतो."

"क्रेन आहे. दिसली."

"संध्याकाळी तिच्यामागे ऊन येतं."

"ऊन आमच्याकडेही येतं. जूनमध्ये तर जातच नाही."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. माणूस गावी परत निघाला की गावाबद्दल विचारतो: नदीचा बर्फ कधी फुटला, अमक्याचा कुत्रा आहे का, तमक्याची बायको अजून भांडते का. याने सकाळपासून एक प्रश्न विचारला नव्हता. मी आपली निळा रंग, नवी गादी, खिडकीतून तळं कसं दिसतं ते सांगत होते, आणि हा "बरं, बरं" म्हणत क्रेन बघत होता.

तीन वाजल्यापासून त्याने घड्याळ बघायला सुरुवात केली. दर पाच मिनिटांनी. बोटीत बघितलं, ट्रामच्या थांब्यावर बघितलं. सव्वाचारला म्हणाला, "कल्लिओत जरा काम आहे."

कल्लिओ म्हणजे त्याची जुनी वस्ती. स्वस्त बारची आणि चढाच्या रस्त्यांची.

"किल्ल्या दिल्यास ना? मग आता कसलं काम?"

"तासाभराचं. तू स्टेशनवर बस, मी सहाला निघतो तिथून."

पिशवीत काच वाजली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, अस्सं! नऊ वर्षं म्हणे. दिवसभर बाटल्या घेऊन माझ्यासमोर फिरला हा, चर्चच्या पायऱ्या चढला, आणि आता कुठल्या तरी मित्राच्या घरी बसून ढोसणार, मग गाडी चुकवणार, किंवा त्याहून वाईट, चुकवणार नाही आणि तेरा तास माझ्या खालच्या बर्थवर घोरत पडणार. बायको गेल्यानंतरचा तो वास मी विसरले नव्हते. तेव्हा मी इथे आठवडाभर राहून त्याचं घर धुतलं होतं, गादीसकट.

"मी येते," म्हटलं.

"तुझे पाय दुखतील."

"दुखू दे. पाय माझे आहेत."

ट्राममध्ये त्याने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती आणि मी पिशवीकडे नजर लावून बसले होते. त्याच्या जुन्या इमारतीच्या दाराशी एक म्हातारा उभा होता. काठी, जाड काचेचा चष्मा, आणि खांद्यावर टॉवेल. टॉवेल बघून मी जरा चपापले.

"हा आर्ने," ताइस्तो म्हणाला. "याच्याकडे झोपलो काल. आर्ने, ही हिल्का."

"कोपऱ्यापासून आवाज येत होता, ओळखलं," आर्ने म्हणाला. ब्याऐंशीचा होता, डोळ्यांनी जवळजवळ अधू, पण आमच्या चार फूट डावीकडे बघून मोठ्या अदबीने मान लववली. "पाचला दोन मिनिटं आहेत."

मी ताइस्तोच्या हातातली पिशवी ओढली आणि आत बघितलं. टॉवेल. पाठ घासायचा ब्रश. बाकावर बसताना खाली घ्यायचं तागाचं फडकं, धुऊन धुऊन पातळ झालेलं. आणि पेअरच्या सरबताच्या दोन बाटल्या.

"शुक्रवार पाच ते सहा माझी सौनाची वेळ आहे," ताइस्तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "महिनाअखेरपर्यंत माझ्याच नावावर आहे."

आता हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अशा इमारतींत तळघरात एकच सौना, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी मारून वाफ घ्यायची खोली, असते आणि प्रत्येक घराला आठवड्यातला एक तास मिळतो. चांगली वेळ मिळायला माणूस वर्षानुवर्षं थांबतो, वरच्या मजल्यावरचं कुणी मरायची वाट बघतो म्हणा ना. आणि शुक्रवार पाच ते सहा! आठवडा संपलेला, जेवणाला अजून अवकाश. असली वेळ कुणी सुखासुखी सोडत नाही. ताइस्तोकडे ती सत्तावीस वर्षं होती आणि त्यात आर्ने त्याचा भागीदार. हे मला पत्रातून कधीतरी कळलेलं, पण मी लक्ष दिलं नव्हतं.

"मग सकाळी सांगायला काय झालं होतं? तोंडात मूग गिळून दिवसभर फिरलास!"

"तू म्हणाली असतीस, घरी आपली सौना आहे की. तळ्याकाठी. रोज घे."

हे खरं होतं. मी अगदी हेच म्हणाले असते.

ते दोघं तळघराच्या पायऱ्या उतरले, आर्नेचा हात ताइस्तोच्या खांद्यावर. मी मागच्या अंगणात, गालिचे बडवायच्या लोखंडी चौकटीशेजारी बाकावर बसले. पायाशी जमिनीलगत एक बुटकी खिडकी होती, वाफ जायला बोटभर उघडी ठेवलेली. मी ऐकायला म्हणून बसले नव्हते. बाक तिथेच होता त्याला मी काय करणार?

आधी नुसती पाण्याची फेक आणि दगडांचा फस्स आवाज. मग आर्ने म्हणाला, "पाठ." आणि ब्रश घासल्याचा आवाज येऊ लागला, सावकाश, खांद्यापासून खाली. घासणारा माझा भाऊ होता. ज्याच्या हातून घरात कधी काडी इकडची तिकडे झाली नाही, तो.

"पुढच्या शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावरचा दाढीवाला येतो म्हणतोय माझ्याबरोबर," आर्ने म्हणाला. "सौनात फोनवर बोलतो तो."

"फोन दगडांवर ठेव त्याचा."

दोघं खुसखुसले. पुन्हा पाणी, पुन्हा फस्स.

"जायचंय का तुला?" आर्नेने विचारलं.

"फेब्रुवारीत पडली ती. बर्फात चाळीस मिनिटं पडून होती. पोस्टाच्या पोरीने मला फोन करून सांगितलं. ती स्वतः एक अक्षर बोलली नाही, नुसतं खोली रिकामी आहे म्हणाली. मी काय ओळखत नाही तिला?"

"ते नाही विचारलं मी. तुला जायचंय का?"

वरच्या एका खिडकीत कुणीतरी कांदा परतत होतं, त्याचा तेलकट वास अंगणभर पसरला.

"एकावन्न वर्षं झाली, आर्ने," माझा भाऊ म्हणाला. "तिकडे माझं कोण आहे?"

मला वाटलं खिडकी लाथेने फोडावी. कोण आहे? अरे मेल्या, मी नाही का? मी रंग दिला, मी गादी आणली, मी ओकारीत पाय घातला!

"माझी मागची खोली रिकामी आहे," आर्ने म्हणाला.

माझेच शब्द. अगदी माझेच, एकही इकडे तिकडे नाही. ताइस्तोने नाक ओढल्याचा आवाज आला. सौनात सगळ्यांचंच नाक गळतं, पण माझा भाऊ रडतो कसा हे मला सहा वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

दिवसभर मला सगळ्याची घाण वाटली होती. बुटाची, सुपाची, पक्ष्याची, शहराची. आता बाकावर बसल्या बसल्या मला माझीच घाण वाटली. लाकडाच्या खोपटापर्यंत जायला सोबत हवी म्हणून मी एक चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस मुळासकट उपटून न्यायला आले होते, आणि वर त्याच्यावर उपकार करतेय असा तोरा. त्याला कळलं होतं मी का बोलावते. कळून तो बरं म्हणाला होता.

सहाला दोघं वर आले, उकडलेल्या बटाट्यासारखे लाल. बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना बसले. ताइस्तोने दारू सोडली त्या दिवसापासून आर्नेही बिअर पीत नाही म्हणे, पण सरबत त्याला मुळीच आवडत नाही हे मला त्याच्या तोंडावरून कळलं. घोट घेतला की तो डोळे मिटायचा.

"घेतेस?" त्याने बाटली माझ्या दिशेने, म्हणजे चौकटीच्या दिशेने, पुढे केली.

"नको."

त्याने ती परत घेतली आणि प्यायला.

"ताइस्तो," मी म्हटलं, "तू येऊ नकोस."

"काय?"

"सकाळपासून बघतेय मी तुला. सूप ओढतोस तर बंदरभर ऐकू जातं. रुमाल असा की गाईचे पाय पुसू नयेत त्याने. मिशीला फेस, कानात केस. आज तेरा तास सोसेन, पण मग जन्मभर? किळस येते मला, खरं सांगते. मला पुरुषाची सवय राहिलेली नाही. मला माझं घर एकटीचं हवंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. पाण्याचा थेंब त्याच्या नाकावरून पडला.

"रंग दिलास म्हणालीस."

"मागासाठी दिला. माग परत आणून ठेवते आहे तिथे."

"आणि लाकडं?"

"पोस्टाच्या पोरीचा भाऊ आणून देतो. मोठा कामसू पोरगा आहे."

पोस्टाच्या पोरीला भाऊ नाही. पाच बहिणी आहेत.

"मला शहरात यायला नको, तुला गावात यायला नको," मी म्हटलं. "उगीच सोंग कशाला? नको म्हणजे नको."

आर्नेने आपला चष्मा पुसला, तो धुरकट नसताना. ताइस्तोने पिशवीतलं ओलं फडकं काढलं, पिळलं, परत घडी घातलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला,

"बरं."

स्टेशनवर त्याने लॉकर उघडला. त्याची सुटकेस त्याने खाली ठेवली, माझी बॅग उचलली आणि डब्यात चढवून दिली. दोन बर्थचा डबा आम्ही घेतला होता, त्याला गुडघ्यांमुळे खालचा आणि मला वरचा. तो दारात उभा राहिला. अंगाला सौनातल्या डांबराच्या साबणाचा वास येत होता, आमच्या बापाच्या अंगाला यायचा तसा.

"पोचलीस की फोन कर."

"करते."

"खोपटासमोर वाळू टाकत जा. राख नको, राख घसरते."

"माहीत आहे मला."

तो उतरला. खिडकीखाली उभा राहिला. दोन मिनिटं होती अजून, आणि मी काचेच्या आतून त्याच्या तोंडाकडे बघत होते. तोंडाने मी त्याला नको म्हटलं होतं, पण एकदा, फक्त एकदा तो म्हणाला असता, "वेडी आहेस का, मी येतो," तर मी त्याला कॉलरला धरून आत ओढला असता. मी अडुसष्ट वर्षांची बाई खिडकीत बसून देवाचा धावा करत होते की याने मला दुसऱ्यांदा विचारावं. पण तोही त्याच आईबापांचा. मी नको म्हटलं होतं. गाडी हलली तेव्हा त्याने हात वर केला, सुटकेस उचलली आणि ट्रामच्या दिशेने निघाला. चाल हलकी होती मेल्याची. दिवसभरात पहिल्यांदा.

थोड्या वेळाने तिकीट तपासायला एक तरुण बाई आली.

"दोन तिकिटं आहेत. दुसरे प्रवासी?"

"येणार नाही तो."

"बरं नाही का त्यांना?"

"चांगला धडधाकट आहे. त्याची सौनाची वेळ शुक्रवारची आहे. पाच ते सहा."

"अच्छा," ती म्हणाली, अगदी समजल्यासारखी, आणि तिने यंत्रात खूण केली. मग आत वाकून बघितलं; मी त्याच्या खालच्या बर्थवर बसले होते. वरच्या बर्थवर पांढरी चादर घातलेली होती, उशी ठेवलेली होती. "मग वरचा मिटवून ठेवू? तुम्हाला ऐसपैस होईल."

"नको," मी म्हटलं.

तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी बूट काढले, त्याचा तो घाणेरडा रुमाल अजून माझ्याच खिशात होता, त्याने तळवे पुसले, मग त्याच रुमालाने तोंड पुसलं. वरचा बर्थ केमियार्वीपर्यंत तसाच उघडा राहिला.